सुलभ पुस्तकांच्या कामाला लेखी नियमावली द्या

मा. श्रीमती लक्ष्मी हेब्बाळकर,
मंत्री, महिला व बालविकास, दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खाते,
कर्नाटक सरकार

मा. मंत्रीमहोदया,

सप्रेम नमस्कार.

पुस्तकं स्कॅन करायची, ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेने, मजकूर काढायचा, ओळ न् ओळ मूळ प्रतीशी ताडून बघायची आणि अंध वाचकाच्या हाती द्यायची, हे काम बेळगाव-खानापूर भागात आम्ही काहीजण फावल्या वेळात करतो. गटात निवृत्त शिक्षिका आहेत, कॉलेजची मुलं आहेत, छापखान्यात उभं आयुष्य गेलेले एक मुद्रितशोधक आहेत. या पत्रात पैशाची मागणी नाही. आम्हाला एक लेखी नियमावली हवी आहे. मराठी पुस्तक सुलभ, म्हणजे अंध वाचकाला वाचता येईल अशा, स्वरूपात आणताना काय करायचं, कशाला हात लावायचा नाही आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे आपल्या खात्याने एका जागी लिहून द्यावं.

यंत्र आता पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं वाचतं, पण देवनागरीत त्याची फसगत ठरलेल्या जागी होते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. खानापूरकडच्या शेतीवरच्या लेखात 'भात' असेल तिथे 'मात' येतं आणि तोही शब्द मराठीच असल्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. 'दऱ्या' चं 'दर्या' झालं की डोंगराच्या वर्णनात समुद्र शिरतो. डोळस वाचक संदर्भावरून सावरून घेतो, फार तर मूळ पान उघडून बघतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, जे उच्चारेल तेच त्याचं पुस्तक. त्यात हा 'ऱ्य' युनिकोड या संगणकावरच्या प्रमाण अक्षरसंचात दोन पद्धतींनी टाइप करता येतो. दिसतो सारखाच, पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. अर्धं पुस्तक एकीने केलं आणि अर्धं दुसऱ्याने, तर परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ध्याच जागा सापडतात.

या चुकांना निदान बरोबर उत्तर तरी आहे. जिथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं तिथे आमचे तासन् तास जातात. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं घ्या. त्यांत 'नाहीं', 'घरें', 'कांहीं' असं छापलेलं असतं. काही स्वयंसेवक हे अनुस्वार चुका समजून काढून टाकतात. काहीजण जसेच्या तसे ठेवतात, मग यंत्राचा आवाज ते नाकात उच्चारतो आणि ऐकणारा वैतागतो. माझं मत असं, की मूळ लेखन तसंच ठेवावं आणि पुस्तकाच्या सुरुवातीला तशी दोन ओळींची सूचना द्यावी. एम.ए. करणाऱ्या अंध विद्यार्थ्यालाही लेखकाने लिहिलं तसंच वाचायचा हक्क आहे. पण हे मी एकट्याने ठरवून चालणार नाही. रोज ऐकून वाचणाऱ्यांनी ते ठरवायला हवं.

बोलीचं तर आणखी नाजूक आहे. आमच्या भागातल्या ग्रामीण कथांमधली माणसं 'हाय', 'न्हवं' असं बोलतात, 'अक्का' म्हणून हाक मारतात. एका होतकरू मुलाने मोठ्या निष्ठेने अशी अख्खी कथा 'आहे', 'नव्हे' आणि 'ताई' करून दिली. त्याला दोष कसा देणार? 'चुका दुरुस्त कर' एवढंच त्याला सांगितलेलं होतं. चूक कुठली आणि लेखकाची भाषा कुठली, हे त्याला कुणी लिहून दिलेलंच नव्हतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलनं भरवणाऱ्या या मुलखाची बोली अंध वाचकापर्यंत पोहोचताना पुसली जावी, हे मला फार लागतं.

पुस्तकाच्या रचनेविषयीही तेच. प्रकरणाचं नाव नुसतं ठळक केलं तर डोळ्यांना मथळा दिसतो, पण स्क्रीन रीडरला तो इतर मजकुरासारखाच वाटतो. तिथे मथळ्याची शैली लावली तरच वाचक एका प्रकरणावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. पानाच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा छापलेलं पुस्तकाचं नाव काढायला हवं, नाहीतर ते वाक्याच्या मधोमध वाचलं जातं. छापील पानाचा क्रमांक मात्र ठेवायलाच हवा, कारण वर्गात बाई 'पान 46 उघडा' म्हणतात तेव्हा त्या मुलीलाही ते उघडता आलं पाहिजे. तळटीप कुठे ठेवायची, कवितेच्या ओळी कशा तोडायच्या, कोष्टक कसं वाचलं जाईल, या सगळ्याचं एकेका ओळीत उत्तर देता येतं. ते एकदा देऊन टाकावं.

चित्रांवर मात्र नियमावलीने थोडं थांबावं. भूगोलाच्या पुस्तकात नद्यांचा नकाशा असतो. घाईत काम करणारा तिथे 'येथे नकाशा आहे' असं लिहून पुढे जातो. त्याने मुलाला काय मिळालं? 'मलप्रभा नदी पश्चिमेला खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीजवळ उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाते आणि कूडलसंगम इथे कृष्णेला मिळते' असं लिहिलं तर त्याच्या मनात नदीची दिशा उभी राहते. नकाशाखालच्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता आलं पाहिजे, आणि तरीही वर्णनानेच ते उत्तर फोडता कामा नये. हा तोल साधायला शिकवावं लागतं. नियमावलीत अशी चांगल्या-वाईट वर्णनांची निदान वीस उदाहरणं हवीत, आणि ती इथल्याच पुस्तकांतली हवीत.

आता हे पत्र मुंबईला न पाठवता आपल्याकडे का, ते सांगतो. महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं सुलभ स्वरूपात कुठूनतरी मिळवता येतात. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सबलीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया या सुलभ पुस्तकं करणाऱ्या संस्थांच्या मंचाच्या साथीने 24 ऑगस्ट 2016 रोजी सुरू केलेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात मराठीही आहे. पण कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या शाळांची पुस्तकं वेगळी आहेत. ती कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ काढतो. ती पुण्यातलं कुणी कशाला करील? आपल्या जिल्ह्यातल्या मुलांसाठी ती इथेच व्हायला हवीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि शिक्षणसाहित्य मोफत मिळायला हवं. जे पुस्तक त्याला वाचताच येत नाही, ते मोफत देऊन कायदा पाळला असं मी मानत नाही.

इथे एक गोष्ट मला मुळीच पटत नाही. सरकारने स्वतः टाइप करून घेतलेलं पुस्तक आम्ही छापील प्रतीवरून पुन्हा स्कॅन करायचं, चुका वेचायच्या, आणि वर्ष संपता संपता मुलाला द्यायचं. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला तर हाती नुसती अक्षरांची खिचडी येते. त्यापेक्षा मुद्रणाची मूळ फाइल, शक्य तिथे युनिकोडमध्ये, सुलभ प्रत करणाऱ्या नोंदणीकृत गटांना शाळा सुरू होण्याआधी मिळावी. आपण शिक्षण खात्याला तसं एक पत्र दिलंत, तर आमचं निम्मं काम उरणारच नाही आणि तो वेळ आम्ही चित्रवर्णनांना देऊ.

या पुस्तकांत आपल्या राज्याची आणखी एक गरज आहे. मराठी मजकुरात जागोजागी कन्नड शब्द, गावांची नावं, कधी अख्खी ओळ कन्नड लिपीत येते. मराठी आवाज ती गाळतो किंवा काहीतरी भलतंच वाचतो. त्या ओळीला 'ही भाषा कन्नड' अशी खूण लावली की कन्नड आवाज बसवलेला असेल तिथे स्क्रीन रीडर आवाज बदलू शकतो. ही खूण कशी लावायची हे आमच्या गटात मोजक्यांनाच येतं. कन्नड पुस्तकांवर राबणाऱ्या स्वयंसेवकांना हीच अडचण उलट्या बाजूने येते. म्हणून नियमावली दोन्ही भाषांत निघावी. सीमाप्रश्नावर कुणाचं काहीही मत असो, या कामात धारवाडचा आणि बेळगावचा स्वयंसेवक एका बाजूला आहेत.

कायद्याविषयी नियमावलीत एक पान पुरे, पण ते हवंच. स्वयंसेवक घाबरतात, लेखकाची परवानगी नाही, उद्या नोटीस आली तर? कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये कलम 52(1)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तींसाठी ना-नफा तत्त्वावर सुलभ प्रत करायला त्याने मोकळीक दिली. अंध वाचकांसाठी सुलभ प्रती करण्याविषयीच्या मर्राकेश या आंतरराष्ट्रीय कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच. पण मोकळीक आहे म्हणजे फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना वाटावी असं नव्हे. संस्थेने केलेली प्रत दिव्यांग वाचकांकडेच राहील आणि बाजारात जाणार नाही, ही काळजी घेणं त्या कलमाखाली बंधनकारक आहे. काही जण भीतीने काम सोडतात आणि काही जण उत्साहात फाइल कुठेही पाठवतात. दोघांनाही हे नीट समजावून सांगणारं कुणी नाही.

मसुदा करायला वर्षभर लागायचं कारण नाही. आपल्या खात्याचा एक अधिकारी, पाठ्यपुस्तक संघाचा एक प्रतिनिधी, मराठी आणि कन्नड मुद्रितशोधक, आणि समितीत निम्म्याहून जास्त अंध वाचक असावेत. एक कविता, एक गणिताचं प्रकरण, एक नकाशांचं प्रकरण घेऊन मसुदा आधी वापरून बघावा. कोणत्या पानाचं पहिलं वाचन झालं, दुसरं कुणी केलं, शेवटी कोणत्या अंध वाचकाने ऐकून पास केलं, याची नोंद ठेवायचा एक साधा तक्ताही त्यात असावा. परीक्षा आल्या की कॉलेजची मुलं काम अर्धवट सोडतात आणि पुढच्याला ते पुन्हा पहिल्या पानापासून करावं लागतं. सीमेपलीकडच्या एका गटाने हातावेगळं केलेलं पुस्तक आमच्याकडे पुन्हा होत होतं, हेही नोंद नसल्यामुळेच.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरेल तेव्हा आपण इथेच असाल. त्याआधी समितीची पहिली बैठक बेळगावात बोलवावी, ही विनंती. आमच्याकडे आजवर अडलेल्या प्रश्नांची वही आहे. ती आणि आमच्यासोबत काम करणारे दोन अंध वाचक घेऊन, आपण सांगाल त्या कार्यालयात, सांगाल त्या दिवशी आम्ही येऊ.

आपला नम्र,
सुलभ पुस्तकांचा एक स्वयंसेवक,
खानापूर, जि. बेळगाव