तालमीच्या अंधारासाठी कॅमेरा

माहीम, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. संस्थेच्या तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो यापुढे स्वतःच काढायचे तू ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. प्रायोगिक नाटकाचे मोजके प्रयोग होतात आणि मग त्याची खूण अनेकदा फोटोंतच काय ती उरते, त्यामुळे हे काम जाणत्या माणसाने अंगावर घ्यायलाच हवे होते. मात्र बोरा बाजारातल्या त्या दुकानात तू पाहिलेला जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आणि त्याच्यासोबत मिळणारी झूम लेन्स तुझ्या साठ हजारांत बसते आहे आणि शनिवारी तू विसार देणार आहेस, हे वाचल्यावर मी लगेच लिहायला बसलो. कॅमेरा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. दिवसाउजेडी लग्नाचे किंवा निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला तो वर्षानुवर्षे साथ देईल. तुला मात्र फोटो काढायचे आहेत ते काळ्या पडद्यासमोर, दोन-चार दिव्यांच्या उजेडात, श्वास रोखून बसलेल्या प्रेक्षकांच्या शेजारी उभे राहून. तेव्हा कोणता कॅमेरा घ्यायचा याचा निर्णय कंपनीच्या नावावरून किंवा मेगापिक्सेलवरून न होता त्या अंधारावरून आणि त्या शांततेवरून व्हायला हवा.

आधी उजेडाचा हिशेब मांडतो, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे. छोट्या नाट्यगृहात, नटाच्या चेहऱ्यावर बऱ्यापैकी प्रकाश असताना, एफ/२ अॅपर्चर (लेन्सचे भोक; आकडा जितका लहान तितके भोक मोठे), १/१६० सेकंद शटर आणि ३२०० आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) या आकड्यांच्या आसपास आपण येऊन थांबतो. यातला १/१६० फारसा खाली आणता येत नाही, कारण बोलताना नट हात हलवतो, मान वळवतो, आणि शटर त्याहून हळू झाले की बोटे धूसर होतात. आता हाच प्रसंग तुझ्या त्या झूम लेन्सने टिपायचा झाला तर काय होते ते पाहा. चेहरा जवळ आणण्यासाठी तू झूम करशील तेव्हा ती लेन्स एफ/५.६ वर गेलेली असेल, म्हणजे एफ/२ च्या मानाने एक अष्टमांश प्रकाश आत येईल. तो आठपटीचा फरक भरून काढायला एक तर शटर १/२० सेकंदावर आणावे लागेल किंवा आयएसओ २५,६०० पर्यंत चढवावा लागेल. पहिल्यात नट हलतो आणि दुसऱ्यात चेहऱ्यावर दाणे उठतात. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असले तरी त्याने तुझ्या हाताचा कंप तेवढा थांबतो, नटाचा हात थांबत नाही. दुकानदार हा फरक सहसा सांगत नाही, म्हणून तो तू लक्षात ठेव.

यावर तू म्हणशील की फुल फ्रेमचा सेन्सर मोठा असतो, त्यामुळे अंधारात तोच सरस ठरेल. तुझे म्हणणे खरे आहे, पण किती सरस ते मोजून पाहू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, आणि सोनी, निकॉन, फुजी यांचा एपीएस-सी हा छोटा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात हा फरक सव्वादोन पटींहून थोडा अधिक भरतो. उलट एफ/५.६ आणि एफ/१.८ यांच्यातला फरक जवळजवळ दहा पटींचा आहे. म्हणजे मोठ्या सेन्सरवर अंधारी झूम लावणाऱ्यापेक्षा छोट्या सेन्सरवर उजळ प्राइम (झूम न होणारी) लेन्स लावणारा नाट्यगृहात चौपटीने पुढे राहतो, आणि तेही कमी पैशांत. मोठ्या सेन्सरवर तितकीच उजळ लेन्स लावली तर प्रश्नच मिटला, पण ती जुळवाजुळव तुझ्या रकमेत होणार नाही. म्हणून मला असे वाटते की साठ हजारांपैकी निम्म्याहून अधिक पैसे बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यावर, जाता कामा नयेत.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि माझ्या लेखी ती उजेडाइतकीच महत्त्वाची आहे. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला आरसा वर उचलला जातो आणि खाली आपटतो. यशवंत नाट्यमंदिरात भरल्या प्रयोगाला तो आवाज एखाद्या वेळी खपून जाईल, पण जिथे पन्नास-साठ प्रेक्षक नटापासून हातभर अंतरावर बसतात, तिथे ऐन विरामात झालेली ती खटखट नटालाही ऐकू येते आणि सबंध प्रसंगाचा रसभंग करते. तालमीत तर दिग्दर्शक तुला दुसऱ्या दिवशी येऊच देणार नाही. तुझ्या कामाला इलेक्ट्रॉनिक शटर असलेला मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेराच हवा, कारण त्यात काहीही हलत नाही आणि आवाज मुळीच होत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. मिररलेस म्हणजे आपोआप निःशब्द, असे नसते. जुन्या बाजारात सर्रास मिळणारा सोनीचा २०१४ मधला ए६००० हा उत्तम कॅमेरा आहे, पण त्यात निःशब्द शटरची सोय नाही. ती सोय २०१६ च्या ए६३०० मध्ये आली. कॅननच्या २०१८ मधल्या एम५० मध्ये ती आहे खरी, पण एका स्वयंचलित मोडपुरती, ज्यात शटर आणि अॅपर्चर आपल्या हाती राहत नाहीत, आणि रंगमंचावर ते हाती नसले की काळ्या पडद्यामुळे कॅमेऱ्याची फसगत होते व स्पॉटमधला चेहरा पांढराफटक येतो. फुजीफिल्मचा २०१७ चा एक्स-टी२० आणि निकॉनचा २०१९ चा झेड५० या दोन्हींत निःशब्द शटर सगळे हातात ठेवून वापरता येते. तेव्हा सेकंड हँड बाजारात तुला शोधायचे आहेत ते हे तीन.

या शटरची एक उणीवही तुला आधीच ठाऊक असू दे. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि त्या वेळात दिवा लुकलुकला तर फोटोत काळे-उजळे आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात. तालमीच्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले की हे पट्टे बहुधा जातात. रंगमंचावरच्या डिमरवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांचे लुकलुकणे याहून निराळे असते आणि तिथे ही युक्ती दरवेळी लागू पडत नाही. अशा वेळी साधे, आवाज करणारे यांत्रिक शटर लावावे आणि संगीत वाजत असेल, टाळ्या पडत असतील किंवा हशा उसळला असेल तेवढ्यात फोटो घ्यावा. म्हणून प्रकाशयोजनाकाराशी आधी बोलून घे, आणि रंगीत तालमीला तर चुकूनही गैरहजर राहू नकोस, कारण प्रयोगाची वेशभूषा आणि प्रयोगाचा प्रकाश असूनही समोर प्रेक्षक नसतात, अशी संधी तेवढी एकच.

आता लेन्सकडे येतो. तू झूम हवीच म्हणतोस, कारण जागा सोडून हलता येत नाही. पण तालमीत तुला हलता येते, आणि प्रयोगात जागा आधी हेरून ठेवता येते. एपीएस-सीवर ५६ मिलिमीटरची लेन्स काय दाखवते ते सांगतो. नटापासून पाच मीटरवर उभे राहून कॅमेरा उभा धरलास तर चौकटीत २ मीटरहून थोडी अधिक उंची मावते, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पावलांपर्यंत बसतो आणि वर थोडी हवा राहते. दहा मीटरवर मागे गेलास आणि कॅमेरा आडवा धरलास तर सव्वाचार मीटरभर रुंदी मिळते, ज्यात तीन-चार पात्रांचा प्रसंग बसतो. ३० मिलिमीटरची लेन्स त्याच पाच मीटरवरून जवळजवळ चार मीटर रुंदी देते. ती नेपथ्यासह सबंध प्रवेशाला उपयोगी, पण चेहऱ्याला अपुरी. म्हणून आधी ५६ घे आणि संस्थेकडून चार पैसे मिळाले की ३० घे. उजळ लेन्स पूर्ण उघडली की फोकसची पट्टी अरुंद होते, हेही ध्यानात ठेव: ५६ वर, एफ/२ ला, पाच मीटर अंतरावर ती सुमारे साठ सेंटिमीटरच असते, त्यामुळे एकामागे एक मीटर अंतराने उभ्या असलेल्या दोन नटांपैकी कोणाचे डोळे स्पष्ट हवेत हे तुलाच ठरवावे लागेल. नाटक तुला पाठ असते, त्यामुळे पुढचे वाक्य कोणाचे आहे हे कोणत्याही बाहेरच्या फोटोग्राफरपेक्षा तुला आधी कळेल. एका लेन्सने काय साधणार, अशी शंका मनात असेल तर आपल्याच जे. जे. मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आठव. त्यांच्या हातातल्या रोलीफ्लेक्सची लेन्स बदलता येत नसे.

सिग्माची ५६ मिलिमीटर एफ/१.४ ही लेन्स सोनीसाठी २०१८ मध्ये आली, फुजीसाठी २०२२ मध्ये आणि निकॉन झेडसाठी २०२३ मध्ये. यामुळेच माझा कौल सोनी ए६३०० ला आहे, कारण ती लेन्स सोनीच्या माउंटमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला बसवायच्या जोडणीत) हातबदल होऊन बाजारात येण्याची शक्यता जास्त. फुजीची वरची चक्रे आणि तिचे रंग मला स्वतःला अधिक आवडतात, पण तुझ्या रकमेला ते लाड परवडणार नाहीत. ५६ देखील आवाक्याबाहेर गेली तर निकॉनची जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८ मॅन्युअल लेन्स घे. निकॉनच्या जुन्या माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर असतो आणि सोनीत १८ वर, त्यामुळे मधले अंतर भरणारी एक साधी कडी लावली की ती लेन्स सोनीवर बसते. फोकस हाताने करावा लागतो, पण स्क्रीनवर स्पष्ट कडा रंगीत दिसण्याची सोय असल्याने तालमीत ते सहज जमते.

मुंबईत जुनी लेन्स घ्यायची तर बुरशीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. लेन्सच्या मागून टॉर्च धरावा, अॅपर्चर पूर्ण उघडावे आणि समोरून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ती लेन्स नको. बुरशी काढता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर तो परत येत नाही. धुळीचे चार कण दिसले तर त्यांची काळजी करू नये. बॉडी तपासताना एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा, आणि मग लेन्सला झाकण लावून काळा फोटो काढावा. पहिल्यात सेन्सरवरचे डाग दिसतात, दुसऱ्यात बिघडलेले पिक्सेल. बॉडीचा नंबर बिलाशी ताडून पाहा. बिल नाही असे कोणी म्हणाले तर तिथून निघ.

घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नकोस, चामडे ओलावा धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, केशरी रंगाचे सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर एवढे पुरे. मीटर ४० ते ५० टक्क्यांवर राहिले पाहिजे, आणि दाणे हिरवे पडले की बदलावेत. पावसाळ्यात वातानुकूलित नाट्यगृहातून बाहेर पडताच कॅमेरा बॅगेतून काढू नये, थंड काचेवर लगेच दव धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा. उरलेल्या पैशांतून दोन जादा बॅटऱ्या घे, कारण ए६३०० ची बॅटरी लहान असते आणि दोन अंकी नाटक एकीवर निघण्याची खात्री नाही.

शनिवारी तीन वाजता मी सीएसएमटीला महापालिकेच्या बाजूच्या दाराशी येतो. टॉर्च आणि लॅपटॉप मी आणतो, तू मेमरी कार्ड आण, म्हणजे तिथेच काढलेले फोटो मोठे करून पाहता येतील. दुकानदाराला फोन करून विसाराचे तूर्त थांबव, आणि नव्या नाटकाची रंगीत तालीम कधी आहे ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

तुझा,
अविनाश