वार्षिक उद्योग सर्वेक्षण: नोटीस आली असेल तर नक्की वाचा

नमस्कार मंडळी, आपल्यातल्या काही जणांना वार्षिक उद्योग सर्वेक्षणाची (सरकार दरवर्षी कारखान्यांची माहिती गोळा करतं ते) नोटीस आली आहे. घाबरू नका, ही टॅक्सची नोटीस नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकूनही देऊ नका, सांख्यिकी संकलन कायदा २००८ प्रमाणे माहिती द्यावीच लागते.

शनिवारी सकाळी ११ वाजता असोसिएशनच्या हॉलमध्ये सगळे मिळून फॉर्म भरू. मालकांनी अकाउंटंटला सोबत आणा.

आणायचं:
- त्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद
- वर्षभराची लाइटबिलं (रुपयांबरोबर युनिटही लागतात)
- कच्चा माल आणि तयार माल, किंमत आणि वजन/नग दोन्ही
- हजेरीपट, ठेकेदाराकडच्या कामगारांसकट. आम्ही मागे हेच विसरलो, पगारपत्रकावर नावंच नव्हती, मग सगळे मनुष्यदिवस (एक कामगार एक दिवस कामाला, म्हणजे एक) पुन्हा मोजत बसलो.

कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेले नोंदणीकृत कारखाने यात येतात. मोठे सगळे घेतात, छोट्यांतले नमुन्याने निवडतात, म्हणून शेजाऱ्याला आली नि तुम्हाला नाही असं होणारच.

भंगारविक्री लपवू नका प्लीज. एकेका कारखान्याची माहिती गोपनीय राहते, आणि देशाच्या जीडीपीत कारखानदारीचा आकडा बांधताना हे फॉर्मही वापरतात, तो खरा यायला हवा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका.