दिवाळीच्या रंगाची घाई नको, आधी ओल कुठून येते ते शोधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस अजून पुरता गेलेला नाही आणि आमच्याकडे डोंबिवलीत घरोघरी पेंटरला फोन सुरू झालेत, आपल्या पेपरच्या पुरवण्याही रंगांच्या जाहिरातींनी भरल्यात. दिवाळीला घर छान दिसावं हे मलाही वाटतंच, पण ज्यांच्या भिंतीला ओल आहे त्यांना कळकळीने सांगते की यंदा थांबा. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे पुढच्या जुलैत सगळे पोपडे जमिनीवर आणि पुन्हा तोच खर्च. मी टॉप फ्लोअरला राहते, घरातली दुरुस्तीची बरीचशी कामं स्वतः करते, आणि आजूबाजूच्या घरांत हे चक्र दर वर्षी बघते म्हणून लिहितेय.

दिवाळीत घराला रंग द्यायची पद्धत आली कुठून याचा जरा विचार करा. पूर्वी नवरात्र झालं की चुना भिजत घालायचे, त्यात थोडी नीळ टाकायची आणि कुंच्याने भिंतींना सफेदी द्यायची. पावसाळ्यानंतर भिंत थोडी दमट असली तरी चुन्याला त्याचं काही वाटत नाही, तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो, त्यामुळे सफेदी झाल्यावरही भिंत वाळतच राहायची. आता आपण मुहूर्त तोच ठेवला आणि सामान बदललं. हल्लीचे प्लास्टिक पेंट, वॉशेबल इमल्शन वगैरे भिंतीवर पातळ प्लास्टिकचा थर बसवतात, मग आतलं पाणी अडकतं, ते बाहेर यायला बघतं तेव्हा विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार सोबत घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साठून फुगतात. आपण ज्याला लोणा लागला म्हणतो तो हाच. सिमेंटवाली पुट्टी ओल्या भिंतीवर चिकटते खरी, म्हणून पेंटर म्हणतो काही होत नाही ताई, पण चिकटणं वेगळं आणि क्षार थांबवणं वेगळं.

शिवाय कॅलेंडर बघा. मुंबईतून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात, दिवाळी कधी कधी त्यानंतर दोन आठवड्यांतच येते. चार महिने पश्चिमेचा झोडपणारा पाऊस खाल्लेली नऊ इंची विटांची भिंत एवढ्यात आतून वाळत नाही, हात लावून कोरडी लागली तरी नाही.

मग करायचं काय, तर आधी पाणी येतंय कुठून ते शोधायचं, आणि हे काम घरातला कुणीही करू शकतो, त्याला मिस्त्री लागत नाही. डागाच्या जागेवर एक फूट बाय एक फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, म्हणजे भिंतीच्या बाजूला, पाण्याचे थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे, भिंत थंड पडतेय आणि हवा खेळत नाहीये, एसीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीला आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे असं होतं. तिथे वॉटरप्रूफिंगचे पैसे घालवायची गरजच नाही, कपाट तीन-चार इंच पुढे ओढा, एक्झॉस्ट फॅन लावा, ओले कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका.

ओल भिंतीतून असेल तर ती कधी वाढते याची नोंद ठेवा, तारखेसकट फोटो काढून ठेवा. पाऊस पडला की वाढते आणि उघडला की कमी होते, म्हणजे बाहेरून येतेय. बारा महिने सारखीच आहे तर पाण्याची लाइन गळत असणार, त्यासाठी स्वतंत्र मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा, तरी फिरत असेल तर कुठेतरी लिकेज आहेच. आणि आंघोळी झाल्या की दुपारपर्यंत डाग गडद होतो असं असेल तर बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचा पाणी जायचा भाग, गळत असणार.

बाथरूमचं जरा सविस्तर सांगते कारण फ्लॅटमधली निम्मी भांडणं, वरचा आणि खालचा एकमेकांशी बोलत नाहीत अशी, इथूनच सुरू होतात. ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कपडा घट्ट बसवायचा, फरशीवर दोनेक इंच पाणी साठवायचं (उंबरठा तेवढा उंच असेल तरच), चोवीस तास तसंच ठेवायचं आणि खालच्यांना आधी सांगून त्यांच्या छतावर लक्ष ठेवायचं. पाण्यात थोडा खायचा रंग टाकला तर शंका राहत नाही. फरशी ठीक निघाली तर ट्रॅप मोकळा करून पाणी सोडायचं, तेव्हा गळलं तर ट्रॅप किंवा त्याचा पाईप. आता लोक काय करतात, थेट सगळ्या टाइल्स फोडायला काढतात, लाखाच्या घरात खर्च जातो. जॉइंटच गेले असतील तर आधी जॉइंट करून बघा ना. जुनं व्हाइट सिमेंट टोकदार पात्याने दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढायचं, धूळ ब्रशने साफ करायची, बाथरूम दोन-तीन दिवस वापरायचं नाही म्हणजे पूर्ण वाळेल, आणि मग इपॉक्सी ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरायचा पाणी न मुरणारा माल, भरायचं. हे ग्राउट कालवलं की लवकर घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडंच कालवायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसायचं, नाहीतर नंतर निघत नाही. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा, कारण तिथे थोडी हालचाल होते आणि कडक माल तडकतो.

टेरेसचं काम एप्रिल-मेमध्ये. आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून वर उतार दिलेला, तो एकदा तडकला की पाणी कोब्यात मुरतं आणि कित्येक दिवसांनी भलत्याच ठिकाणी खाली उतरतं, म्हणून छतावर डाग जिथे दिसतो बरोबर त्याच्यावरच फट असेल असं नाही. सगळ्यात आधी पॅरापेट (टेरेसचा कठडा) आणि स्लॅब मिळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात दिलेली सिमेंटची गोलाई, बघा, माझ्या बघण्यात गळती बहुतेक तिथूनच असते. फट दिसली की वरून नुसतं सिमेंट फासू नका, ती पटाशी-हातोडीने व्ही आकारात थोडी रुंद करा, तारेच्या ब्रशने साफ करा, पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर (सिमेंट-वाळूचा माल) दाबून भरा, ते वाळल्यावर फायबरची जाळी अंथरून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. डब्यावर दोन कोटांमध्ये जेवढे तास लिहिलेत तेवढे थांबायचंच. आणि हो, पावसाच्या पाईपची जाळी. मे अखेरीस पालापाचोळा, पिशव्या, कबुतरांची पिसं काढून टाकली तर टेरेसवर पाणी तुंबतच नाही, या कामाला एक पैसा लागत नाही आणि तरी हे कुणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

ग्राउंड फ्लोअरला जमिनीतून वर चढणारी ओल असते, साधारण तीन फुटांपर्यंत, ती रंगाने किंवा आतून केमिकल मारून थांबत नाही, तिथे जोत्याजवळ साठणारं पाणी दूर काढणं आणि बाहेर लावलेली माती किंवा कुंड्या हटवणं हे आधी. कोकणात गावच्या जांभ्याच्या चिऱ्याच्या घरांना हल्ली सगळेच सिमेंटचं प्लास्टर करतात, त्या भिंतींना चुन्याचा गिलावाच बरा, रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिरा पाणी पिणार आणि सिमेंट ते बाहेर जाऊ देणार नाही.

घरी काम करणाऱ्यांनी काही गोष्टींना मात्र हात लावू नये. स्विचबोर्डच्या आसपास ओल असेल तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, खरवडायला जाऊ नका. बुरशी काढायला ब्लीच वापरत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात टॉयलेट क्लीनरसारखं अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. लोणा कोरड्या ब्रशने काढा, पाण्याने धुतलात तर क्षार परत भिंतीत जातात, आणि तेव्हा मास्क लावा. बाहेरच्या छज्ज्यावर उतरून काम करू नका, कितीही लहान फट असली तरी नाही. आणि छताचं प्लास्टर पडून गंजलेली सळई दिसत असेल किंवा कॉलम-बीमला उभी भेग असेल तर ते रंगाचं किंवा ओलीचं काम राहिलेलं नाही, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडत जातं, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे.

खर्च कुणाचा यावरूनही लोक अडून बसतात. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) टेरेस, बाहेरच्या भिंती, कॉमन पाईप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे, आणि घरातल्या टॉयलेट, सिंकची गळती ज्याची त्याची. तेव्हा टॉप फ्लोअरवाल्याने एकट्याने टेरेस करून घ्यायची गरज नाही, कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नवीन बिल्डिंग असेल तर रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या बांधकाम कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. हे माहीत नसलेले लोक तिसऱ्या वर्षीच स्वतःच्या खिशातून वॉटरप्रूफिंग करून घेतात. वर सांगितलेले तारखेचे फोटो इथेही उपयोगी पडतात.

पेंटर मंडळींच्या पोटावर पाय आणायचा माझा अजिबात हेतू नाही. त्यांची वर्षाची कमाई दिवाळीच्या महिन्याभरात होते हे मी बघते, त्या धावपळीत भिंत वाळेपर्यंत थांबायला त्यांना परवडतच नाही. तेच काम आपण मार्च-एप्रिलवर नेलं तर त्यांना उन्हाळ्यातही काम मिळेल, आपल्याला वेळ देणारा माणूस मिळेल आणि भिंत खरोखर कोरडी मिळेल. यंदा दिवाळीला ओल्या भिंती सोडून बाकीच्या रंगवा, ओलीच्या भिंतीचे पोपडे तेवढे काढून ठेवा म्हणजे ती वाळायला लागेल, पाहुण्यांना दिसलं तर दिसू दे.

संपादक साहेब, आपल्याला दोन विनंत्या. रंगाच्या जाहिराती छापता त्याच पुरवणीत भिंतीची ओल घरी कशी तपासायची याची एक चौकट द्या. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्धं पान गळती-दुरुस्तीला द्या, एखाद्या अनुभवी गवंड्याला आणि सिव्हिल इंजिनिअरला बोलतं करा, वाचकांचे प्रश्न मागवा. आयटीआयमध्ये प्लंबर आणि गवंडीकाम शिकवतात, त्यांनी शनिवार-रविवारी आमच्यासारख्या घरमालकांसाठी छोटे वर्ग काढले तर मी पहिली नाव नोंदवीन, आणि आमच्या मजल्यावरच्या आणखी दोघी तयार आहेत.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)