सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा हिशेब कोण ठेवतो?

संपादक महोदय,

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील काही लहान कारखान्यांचे हिशेब पाहण्याचे काम मी करतो. वीजबिल, कच्चा माल आणि वाहतूक यांवरील रुपया न् रुपया पारखून घेणारे उद्योजक सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीचे बिल मात्र गेल्या वर्षीचा आकडा पाहून मंजूर करतात, असे वारंवार दिसते. ऑटोकॅडसारखे ड्रॉइंग काढण्याचे सॉफ्टवेअर पूर्वी एकदा विकत घेतले की वर्षानुवर्षे चालत असे. २०१६ पासून त्याचे नवे कायमस्वरूपी परवाने मिळणे बंद झाले आणि दरवर्षी वर्गणी भरणे आले. साहजिकच, कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी त्याच्यासाठी घेतलेल्या परवान्याचे पैसे जातच राहतात.

सर्वाधिक गळती ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिझायनरला पूर्ण परवाना हवाच. परंतु शॉप फ्लोअरवरील सुपरवायझर किंवा खरेदी विभागातील कर्मचारी यांना ड्रॉइंग केवळ उघडून पाहायचे आणि फार तर त्याची प्रिंट काढायची असते. त्यासाठी ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचेच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू मोफत मिळते, तर सॉलिडवर्क्स या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फायलींसाठी ईड्रॉइंग्ज व्ह्यूअर आहे. विक्रेता हे आपणहून सांगेल, अशी अपेक्षा अर्थातच करू नये. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही ज्यांचे काम ई-मेल आणि ब्राउझरमधील एक्सेलवर भागते, त्यांच्यासाठी बिझनेस बेसिक ही स्वस्त योजना असताना सरसकट महागडी योजना घेतली जाते. कोणत्या कर्मचाऱ्याने किती दिवसांत हे सॉफ्टवेअर उघडलेले नाही, याचा अहवाल प्रशासकाच्या खात्यात १८० दिवसांपर्यंतचा मिळतो. तो क्वचितच कोणी पाहतो.

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तथापि, तो संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो आणि सॉफ्टवेअर कोण वापरते हे ठाऊक असलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळते, या समाधानातही अर्थ नाही, कारण परत मिळतो तो कर. पडून राहिलेल्या परवान्याची मूळ किंमत गेली ती गेलीच.

काटकसरीच्या नावाखाली बेकायदा प्रती वापरण्याचे समर्थन मी करत नाही. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ६३ ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांनी मार्चअखेरची धावपळ सुरू होण्याआधी सभासदांना परवान्यांच्या नोंदवहीचा एक साधा नमुना द्यावा, अशी माझी सूचना आहे. परवाना कोणाच्या नावावर आहे, शेवटचा वापर कधी झाला, नूतनीकरणाची तारीख कोणती आणि तो रद्द करायचा असल्यास किती दिवस आधी कळवावे लागते, एवढे चार रकाने त्यात पुरेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातपूर, नाशिक