दुर्बिणीच्या काचेवरची वाफ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली १९ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. १९९० साली मुंबईत जे.जे. हॉस्पिटलला डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं तेव्हा देशात ते नवीन होतं, आज तालुक्याच्या गावात पण होतं आणि पेशंट दोन दिवसांत चालत घरी जातो, याचा मला फार आनंद आहे. पण एका गोष्टीकडे मॅनेजमेंटचं लक्षच जात नाही म्हणून लिहितेय, ती म्हणजे दुर्बिणीच्या काचेवर धरणारी वाफ.

थिएटर एसीमुळे गार, २०-२२ डिग्री, पेशंटच्या पोटात ३७ आणि सगळी ओल, त्यामुळे गार स्कोप (म्हणजे ती दुर्बीण) आत गेला की चष्मा लावून गरम चहा प्यायला घेतल्यावर जे होतं तेच होतं, टीव्हीवर नुसतं धुकं. मग स्कोप बाहेर काढा, पुसा, परत घाला, की परत धुकं, त्यात कॉटरीचा (रक्त थांबवायला जाळण्याच्या यंत्राचा) धूर आणि काचेवर रक्ताचा एखादा थेंब. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये सर्जनला हाताने चाचपता तरी येतं, इथे डोळे म्हणजे ती एक काच.

मी आधी जिथे होते तिथे एकदा पित्ताशयाच्या केसमध्ये क्लिप लावायच्या नेमक्या वेळी स्क्रीन पांढरी झाली. सर हात जागच्या जागी धरून थांबले म्हणून बरं, कारण तिथे पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेला क्लिप लागली तर पेशंटचे पुढे किती हाल होतात ते मी पाहिलेलं आहे. आणि त्या दिवशी कारण काय, तर गरम सलाईनचा थर्मास खराब झालेला आणि नव्याची मागणी तीन महिने स्टोअरला पडून होती! कॅमेरा-स्क्रीनचा टॉवर लाखोंचा आणि अडलं कुठे, थर्मासपाशी.

उपाय अवघड नाहीत हो. ऑटोक्लेव्ह होणारा (वाफेने निर्जंतुक करता येणारा) स्टीलचा थर्मास, त्यात स्टराईल गरम सलाईन, स्कोप आत घालायच्या आधी त्यात बुडवून ठेवायचा आणि कोरड्या गॉजने टोक पुसून लगेच आत. काही सर बेटाडिनचा हात फिरवतात, वाफ धरू न देणारं तयार अँटीफॉग पण मिळतं. पोट फुगवायच्या गॅसची नळी कॅमेऱ्याच्या पोर्टला (पोटावरच्या छिद्रात बसवलेल्या नळीला) न लावता दुसऱ्या पोर्टला लावली तरी फरक पडतो, कारण तो सीओटू गार असतो आणि सरळ स्कोपवरून जातो. धूर काढायची सोय हवी, ती काचेसाठी आणि आम्ही रोज तो धूर नाकात घेतो त्यासाठी पण.

अजून एक, दुर्बिणीला उजेड पोचवणारी लाईट केबल. चित्र अंधारलं की सगळे कॅमेऱ्याला नावं ठेवतात, पण केबलचं एक टोक खिडकीकडे धरून दुसऱ्या टोकाला बघितलं तर काळे ठिपके दिसतात, म्हणजे आतले तंतू तुटलेले, आणि ते तुटतात कारण केस संपल्यावर घाईत केबल करकचून गुंडाळली जाते. हे नवीन मुलींना कुणी शिकवत नाही, मी माझ्या परीने शिकवते.

आरोग्य खात्याला आणि खासगी हॉस्पिटलवाल्यांना माझी विनंती आहे की लॅप्रोस्कोपीचा (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा) सेट घेताना दोन थर्मास, अँटीफॉग आणि एक जास्तीची लाईट केबल त्याच ऑर्डरमध्ये घ्या, नंतर वेगळी मागणी करायला लावू नका.

आपली,
एक ओटी सिस्टर, सातारा जिल्हा