सहामाही अहवाल गावाने मागावा

संपादक महोदय,

वीज प्रकल्पांत मी पर्यावरण अभियंता म्हणून काम करतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचे बगॅसवरचे (उसाच्या चिपाडावरचे) सहवीज प्रकल्प आहेत, फताटेवाडीजवळ १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. मंजुरी मिळाली की पर्यावरणाचा विषय संपला, असे अनेकांना वाटते. खरे तर तो तिथून सुरू होतो. धूर, राख, सांडपाणी, झाडे यांच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पाला केंद्राच्या २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. अर्ज केल्यास कोणालाही प्रत मिळू शकते.

माझ्या पहिल्या नोकरीत कोरडी राख उघड्या ट्रॉलीतून जायची. शेजारच्या ज्वारीच्या पानांवर थर बसायचा. मी अहवालात ‘पालन नाही’ लिहिले. वरिष्ठांनी ते ‘अंशतः पालन’ करायला लावले आणि मी केले. ती बोच अजून आहे. गावातून एकाने जरी तो अहवाल मागितला असता, तर मला नकार द्यायला बळ मिळाले असते.

प्रकल्पालगतच्या ग्रामपंचायतींनी येत्या डिसेंबरचा अहवाल मागवून ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– एक पर्यावरण अभियंता, सोलापूर