बाबा, चक्की विकली

पुणे, मंगळवार

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला वाचून दाखवा.

गणपतीत कॉफीची चक्की ‘दुरुस्तीला नेते’ म्हणून घेऊन आले, ती दुरुस्तीला गेलीच नाही. मी ती विकली, गेल्या रविवारी. त्यानंतर तीनदा फोन झाला. तिन्ही वेळा तुम्ही ‘चक्कीच्या दात्यांचं काय झालं?’ विचारलंत आणि मी ‘होतंय’ म्हणाले. तुमच्याशी खोटं बोलले. ते चक्की विकण्यापेक्षा जास्त लागतंय मला.

तुमचा खांदा, बाबा. डॉक्टरांनी जोर लावू नका म्हणून बजावलं होतं. तरी गणपतीत पहाटे उठून बघते तर तुम्ही डाव्या हाताने उजवं कोपर धरून दांडा फिरवताय. आई तेव्हाही काही बोलली नाही, अजूनही बोलणार नाही. शिवाय ओट्याला आवळायच्या स्क्रूचे आटे गेलेत, चक्की सारखी सरकायची. अख्खी बिडाची वस्तू, आईच्या पायावर पडली असती तर? तुमच्यासमोर ‘विका’ म्हणाले असते तर तुम्ही ‘बघू’ म्हणून पुन्हा दळायला बसला असतात.

ज्यांनी नेली ते कोथरूडचं तरुण जोडपं आहे. शोभेला ठेवणार असतील तर देणार नव्हते. आमच्याच टेबलाला लावून मूठभर बिया दळायला लावल्या, मगच हो म्हटलं. त्या मुलाला स्पाँगची माहिती होती. लंडनची ही कंपनी 1856 सालची, चक्क्या आकाराप्रमाणे नंबरांच्या, आपली दोन नंबरची. आजोबांनी हुबळीच्या वर्कशॉपात असताना साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली, हे मी त्यांना सांगितलं. नवा रंग द्यायचा विचार होता त्यांचा, तो मोडून काढला. सोनेरी अक्षरं आहेत तशीच राहतील. पाणी लावायचं नाही, सुके तांदूळ दळून साफ करायची, हे आईचं शास्त्रही लिहून दिलंय.

मला दांड्यापर्यंत पोचता यायचं नाही तेव्हा तुम्ही पाटावर उभं करायचात. माझा हात, त्यावर तुमचा. बी अडकलं की दांडा थबकायचा आणि तुम्ही म्हणायचात, ‘थांब, तिला वाट दे.’ रविवारी त्या मुलीच्या हातात दांडा अडकला आणि माझ्या तोंडून तेच निघालं. मग मी पाणी आणायला आत गेले.

आता नीट ऐका. शहापूरच्या आपल्या दुकानात बोलून ठेवलंय. दर शनिवारी पाव किलो ताजी दळलेली पीबेरी, ती गोल बियांची कॉफी, घरपोच येईल. चिकोरीची मिसळ अजिबात नाही, आणि दळण फिल्टरला लागतं तसं. एकदम किलोभर मागवू नका, पूड लवकर वास सोडते हे तुम्हीच शिकवलंय. पितळी फिल्टरला मी हात लावलेला नाही, फडताळात आहे तिथेच आहे. वाट्या-पेलेही तेच. आई, जायफळ किसायचं काम तुझ्याचकडे, आणि बाबांच्या कपात अर्धाच चमचा साखर. त्यांनी डोळे मिचकावले तरी अर्धाच.

साडेसहा हजार आले. ते आईच्या खात्यात टाकलेत. फक्त खांद्याच्या व्यायामाच्या बाईंसाठी आहेत ते, आठवड्यातून दोनदा, सबब चालणार नाही. माझ्या नावाने ठेवू नका. माळ्यावर चढायचं नाही. चार वाजल्यानंतर कॉफी नाही. बीपीची गोळी कॉफीच्या आधी, नंतर नव्हे.

बाबा, तुम्हाला न विचारता तुमच्या हातातली गोष्ट काढून घेतली. पुन्हा विचारल्याशिवाय घरातला चमचाही हलवणार नाही, आईशप्पथ. पण तो हात मला हवाय, दिवाळीत डोक्यावर ठेवायला.

शनिवारी पहिली पुडी येईल. जाड वाटते की बारीक ते सांगा, दुकानात कळवते. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
बेबी